शेतीचं आणि वनांचं कॉलेज कसं वाढत जातं

बहुतेक महाविद्यालयांना जागा लागते ती इमारतींसाठी आणि फार तर मैदानासाठी. कृषी महाविद्यालयाला मात्र शेकडो एकर लागतात, आणि वनशास्त्र शिकवायचं असेल तर हाताशी जंगल लागतं. एवढ्या जमिनीचं करतात काय, हे बाहेरून पाहणाऱ्याला सहसा कळत नाही. त्यामुळे शहर वाढू लागलं की सगळ्यांची पहिली नजर जाते ती कृषी महाविद्यालयाच्या ‘मोकळ्या’ जागेवर. ती मोकळी नसते. का नसते, हे समजायचं तर ही महाविद्यालयं कशी घडत गेली ते पाहायला हवं, कारण ती कुणी एका बैठकीत आखलेली नाहीत. एक व्यवस्था उभी केली, ती अपुरी पडली, मग तिला दुसरी जोडली, असं होत होत दोनशे वर्षांत त्यांना आजचं रूप आलं.

टंचाईतून निघालेल्या शाळा

१८१५ च्या एप्रिलमध्ये आजच्या इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्यातून उसळलेले गंधकाचे कण वातावरणात इतके उंच गेले आणि इतके पसरले की १८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिकं उभ्या उभ्या गेली, धान्याचे भाव कडाडले. दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेमबर्ग राज्याला याची झळ फार बसली. तिथला राजा पहिला विल्हेल्म याने १८१८ साली स्टुटगार्टजवळच्या होहेनहाइमला शेतीचं शिक्षण देणारी संस्था काढली. तिचे पहिले संचालक योहान श्वेर्त्स यांनी बेल्जियमकडची शेती हिंडून पाहिली होती. तिकडचा नांगर त्यांनी होहेनहाइमला आणला आणि संस्थेच्या आवारातच शेतीअवजारं बनवायचा कारखाना सुरू झाला. म्हणजे अगदी सुरुवातीपासून या शाळेत व्याख्यानाच्या जोडीला नांगरही होता.

वनशास्त्राची शाळा निघाली ती लाकडाच्या टंचाईतून. सॅक्सनीतल्या चांदीच्या खाणींना बोगद्यात टेकू म्हणून आणि भट्ट्यांत जळण म्हणून बेसुमार लाकूड लागायचं. तिथले खाण-अधिकारी कार्लोवित्स यांनी १७१३ मध्येच लिहून ठेवलं होतं की जंगल जेवढं वाढतं तेवढंच तोडावं. पण जंगल किती वाढतं हे मोजायचं कसं? ती मोजणी शिकवायला शिक्षक हवेत. हाइनरिख कोट्टा यांनी १८११ साली आपली खासगी वनशाळा सॅक्सनीतल्या थारांटला हलवली आणि १८१६ मध्ये ती राजाश्रयाखालची अकादमी झाली. फ्रान्समधल्या नॅन्सीची वनशाळा १८२४ ची.

होहेनहाइमला १८२० साली वनशास्त्राचे वर्गही आले. शेती आणि वनं एका आवारात शिकवायचा हा जुना प्रयत्न साठ वर्षं चालला. १८८१ मध्ये वनशास्त्र तिथून उठून ट्युबिंगेन विद्यापीठात गेलं. या दोन विषयांचं एकत्र येणं आणि वेगळं होणं पुढे अनेक देशांत होत राहिलं, त्याकडे नंतर येतो.

कॉलेज आहे, पण शिकवायचं काय?

अमेरिकेने वेगळाच मार्ग काढला. तिथल्या सरकारकडे पैसा नव्हता, जमीन होती. ती जमीन मूळ रहिवाशांकडून करार करून, दडपण आणून आणि पुष्कळदा सरळ हिसकावून घेतलेली होती, हे या इतिहासातून वगळता येणार नाही. १८६२ साली अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला संसदेतल्या त्याच्या प्रत्येक सदस्यामागे ३०,००० एकर जमीन मिळाली. ती विकून आलेल्या निधीतून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं महाविद्यालय चालवायचं, ही अट. लहानात लहान राज्यालाही तीन सदस्यांमुळे ९०,००० एकर मिळाली.

महाविद्यालयं उभी राहिली आणि मग खरी अडचण पुढे आली. शेतकऱ्याच्या मुलाला शिकवण्यासारखं, त्याच्या बापाला आधीपासून ठाऊक नसलेलं, प्राध्यापकांकडे फारच थोडं होतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचं शेतीच्या रसायनशास्त्रावरचं लेखन १८४० मध्ये आलेलं, पण अमुक मातीत अमुक खत किती टाकायचं याचं खात्रीचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. शेतकरी ‘पुस्तकी शेती’ला हसत, आणि त्यात त्यांचं चुकत नव्हतं. वर्ग आधी भरला आणि ज्ञान मागून यायचं होतं, हे या संस्थांचं पहिलं मोठं अपुरेपण.

ज्ञान तयार व्हायला प्रयोगक्षेत्र लागतं. इंग्लंडमध्ये जॉन लॉज यांनी १८४३ साली रॉथमस्टेडच्या आपल्या इस्टेटीवर जोसेफ गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला घेऊन प्रयोग सुरू केले होते. अमेरिकेने १८८७ च्या हॅच कायद्याने हीच गोष्ट सरकारी पातळीवर केली. प्रत्येक राज्यात महाविद्यालयाला जोडून एक प्रयोगकेंद्र आणि त्यासाठी दरवर्षी १५,००० डॉलर. माझ्या मते कृषी महाविद्यालयाचा खरा जन्म इथे झाला. शिकवणारा माणूस स्वतः शोधही घेऊ लागला, आणि त्याच्या व्याख्यानात त्याच्याच शेतातले आकडे येऊ लागले.

वाफ्यात काय चालतं

आता त्या जमिनीकडे. समजा तुरीच्या दोन जातींपैकी जास्त उत्पादन कोणती देते ते पाहायचंय. सरळ मार्ग म्हणजे अर्ध्या शेतात एक, उरलेल्या अर्ध्यात दुसरी. पण उताराच्या खालच्या अंगाला माती खोल असते, ओल जास्त दिवस टिकते. तिथे जी लावाल ती जिंकणार. मग हा विजय जातीचा की मातीचा?

म्हणून शेताचे छोटे छोटे वाफे पाडतात. साधारण सारख्या मातीचे शेजारशेजारचे वाफे एका गटात घेतात आणि प्रत्येक गटात प्रत्येक जात एकदा येईल अशी मांडणी करतात. गटातल्या कोणत्या वाफ्यात कोणती जात जाणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. ते माणसावर सोडलं तर हात नकळत आवडत्या जातीला बरा वाफा देतो. असे चार गट केले की झाल्या चार पुनरावृत्ती. एका गटात उंदरांनी नासधूस केली तरी उरलेले तीन साक्षीला राहतात. कापणीच्या वेळी वाफ्याच्या कडेच्या ओळी बाजूला काढतात, कारण त्यांना ऊन-वारा जास्त मिळालेला असतो आणि शेजारच्या वाफ्यातलं खतही त्यांनी थोडंफार ओढलेलं असतं. आतल्या ओळींचं वजन तेवढं नोंदवहीत जातं.

दहा जाती आणि चार पुनरावृत्ती म्हटलं की एका पिकाच्या एका प्रयोगाला ४० वाफे झाले. त्यांच्यामधल्या वाटा, पाण्याचे पाट, कडेच्या ओळी वेगळ्याच. पुन्हा एका हंगामावर भागत नाही. भरपूर पावसाचं एक साल, मधेच ताण पडलेलं एक साल, रोगराईचं एक साल असे निदान तीन हंगाम हवेत, आणि हलक्या तसंच भारी अशा दोन्ही जमिनींवर हवेत. या सगळ्या मांडणीला पक्कं गणित दिलं ते संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी. १९१९ साली ते रॉथमस्टेडला रुजू झाले तेव्हा तिथे सत्तरहून अधिक वर्षांचे आकडे साठून राहिले होते.

रॉथमस्टेडचं ब्रॉडबाल्क नावाचं गव्हाचं शेत १८४३ पासून आजवर चालू आहे. एका पट्ट्याला शेणखत, दुसऱ्याला रासायनिक खत, तिसऱ्याला काहीच नाही. त्यातले धान्याचे, काडाचे, मातीचे नमुने वाळवून, सीलबंद करून ठेवलेत. ते ठेवणाऱ्यांना डीएनए हा शब्दही माहीत नव्हता. पुढे दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्याच काडातून गव्हाच्या दोन बुरशीजन्य रोगांचा डीएनए काढला आणि कोणत्या काळात कोणता रोग वरचढ होता याचा आलेख मांडला. तो आलेख हवेतल्या सल्फर डायऑक्साइडच्या चढउताराशी जुळला. एका शेतातल्या काडाने कारखानदारीचा इतिहास सांगितला.

असा पट्टा रस्त्यासाठी घेतला तर बदल्यात दुसरीकडे दुप्पट जमीन देऊनही भरपाई होत नाही. जमीन मिळेल, पण तिच्यावरची वर्षं पुन्हा शून्यापासून मोजावी लागतील. दीर्घकालीन प्रयोगाच्या वाफ्यांना जुन्या वास्तूंसारखं कायद्याचं संरक्षण असावं असं मला मनापासून वाटतं.

शेतकऱ्याच्या बांधावर

प्रयोगकेंद्रात उत्तरं मिळू लागली, आणि तिथेच पडून राहू लागली. शेतकऱ्याचा आक्षेप साधा होता: सरकारच्या पैशावर, सरकारच्या जमिनीत, पगारी मजूर लावून कुणालाही पीक काढता येईल. सीमन नॅप यांनी १९०३ मध्ये टेक्सासमधल्या टेरेल गावी हा आक्षेप गंभीरपणे घेतला. कापसावर बोंडभुंगेऱ्याने थैमान घातलं होतं. नॅप यांनी नमुना-शेत वेगळं काढलंच नाही. पोर्टर नावाच्या शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या कष्टाने सांगितल्याप्रमाणे पीक घ्यायचं आणि तोटा झालाच तर गावकऱ्यांनी जमवलेल्या निधीतून भरून द्यायचा, असं ठरलं. पीक चांगलं आलं. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने महाविद्यालयाचं ज्ञान गावोगाव नेणं हे त्याचं अधिकृत काम झालं. आपण ज्याला कृषी विस्तार म्हणतो तो हाच.

आपल्याकडेही सुरुवात भुकेपासूनच झाली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. १८८० च्या दुष्काळ आयोगाने प्रांतोप्रांती शेतीखाती असावीत असं सुचवलं. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८७९ मध्ये शेतीचा वर्ग निघालाच होता. १९०७ साली त्याचं स्वतंत्र कृषी महाविद्यालय झालं. १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथे देशपातळीवरची संशोधन संस्था निघाली. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत पडल्यावर ती दिल्लीला हलली, पण नाव पुसाच राहिलं.

पुण्याचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांचं काम मला विशेष वाटतं. मूळचे रसायनशास्त्रज्ञ असूनही ते सहकाऱ्यांना घेऊन पिंपळे सौदागर या गावात गेले. आज ते शहरात गडप झालंय, तेव्हा खेडं होतं. कुणाकडे किती जमीन, ती किती तुकड्यांत, कर्ज किती, वर्षाकाठी हाती काय उरतं, असं घरोघर विचारून त्यांनी १९१७ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. १७७१ साली तिथलं सरासरी खातं सुमारे ४० एकरांचं होतं, ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आलं होतं, आणि तेही एका जागी नव्हतं. शेतकरी नवं बियाणं का घेत नाही, नवा नांगर का घेत नाही, याचं उत्तर त्याच्या अडाणीपणात शोधणाऱ्यांना हा अहवाल परस्पर उत्तर देतो. इतक्या विखुरलेल्या तुकड्यांवर विहीर कुठे खणायची आणि कर्ज फेडून बियाणाला पैसा कुठून आणायचा?

रब्बी ज्वारीचं मालदांडी ३५-१ हे वाण शेतकऱ्याकडे जाऊन पाहण्याच्या याच रीतीचं फळ आहे. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पेरत आलेल्या मालदांडीतून सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात त्याची निवड १९३० च्या दशकात झाली. बियाणं शेतकऱ्याचं, चाळणी शास्त्रज्ञाची. इतक्या वर्षांनंतरही भाकरीसाठी आणि कडब्यासाठी लोक त्याचं नाव घेतात.

स्वातंत्र्यानंतर अमेरिकेच्या धर्तीवर शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छपराखाली आणणारी कृषी विद्यापीठं निघाली. पहिलं १९६० मध्ये पंतनगरला. महाराष्ट्रात १९६८ ते १९७२ या काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार झाली. राज्य एक असून विद्यापीठं चार, कारण कोकणातल्या जांभ्या जमिनीतला काजू आणि मराठवाड्यातल्या काळ्या रानातली तूर यांचे प्रश्न एका केंद्रातून सुटत नाहीत. म्हणून तर वाणांच्या नावातच गावं येतात: वेंगुर्ला ४ हा काजू, परभणी क्रांती ही भेंडी.

शेवटच्या वर्षी विद्यार्थी काही महिने गावात जाऊन राहतात. पेपरात ‘कृषीदूत’ आणि ‘कृषीकन्या’ म्हणून त्यांच्या बातम्या येतात: बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक, माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यायचा, निंबोळी अर्क. फोटोपुरती प्रात्यक्षिकं होतात हेही खरं आहे, आणि ते वाईट आहे. कारण याच महिन्यांत विद्यार्थ्याला पहिल्यांदा कळतं की शिफारस शास्त्राला धरून असते, पण त्या आठवड्यात मजूरच मिळत नाहीत.

झाडाचा हिशोब वेगळा

वनशास्त्र या सगळ्यापासून इतकं लांब का राहिलं? एक कारण मालकीचं. शेती शेतकऱ्याच्या जमिनीत, म्हणून कृषी महाविद्यालयाने सल्लागार घडवले. जंगल सरकारने आपल्या ताब्यात घेतलं, म्हणून वनशाळेने अधिकारी आणि राखणदार घडवले. डेहराडूनची वनशाळा १८७८ ची आणि जंगलांवर सरकारचा ताबा घट्ट करणारा भारतीय वन कायदाही १८७८ चाच. या दोन गोष्टी एकाच वर्षी होण्यात मला योगायोग दिसत नाही. या शाळेमागे ज्यांची दृष्टी होती ते डीट्रिख ब्रँडिस मूळचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. ब्रह्मदेशात असताना त्यांनी सागाची मोजणी हत्तीवरून हिंडत, बांबूच्या कांड्यांवर चाकूने खुणा करत केली होती.

दुसरं कारण वेळेचं. तुरीचा प्रयोग फसला तर पुढच्या खरिपात पुन्हा लावता येतो. साग पक्व व्हायला ५०-६० वर्षं लागतात आणि प्राध्यापकाची नोकरी तीस-पस्तीस वर्षांची. लावणारा आणि तोडून मोजणारा माणूस एकच असूच शकत नाही. म्हणून जंगलात नमुना क्षेत्रं आखतात. प्रत्येक झाडाला क्रमांक देतात, जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला, रंगाचा पट्टा मारतात आणि ठराविक वर्षांनी अगदी त्याच पट्ट्यावर टेप लावून घेर मोजतात. पट्टा पुसला गेला आणि पुढच्याने चार बोटं खाली मोजलं, तर झाड न वाढताही कागदावर वाढतं. त्यामुळे इथे रंगाचा डबा आणि नीट लिहिलेली वही ही प्रयोगशाळेतल्या यंत्राइतकीच महत्त्वाची उपकरणं आहेत.

वेळेचं हे गणित लोकांना पटवून दिलं नाही तर काय होतं, ते अमेरिकेतल्या कॉर्नेलमध्ये दिसलं. तिथे १८९८ साली बर्नहार्ड फर्नो यांच्या हाताखाली वनशास्त्राचं महाविद्यालय निघालं आणि ॲडिरॉन्डॅक डोंगरात ३०,००० एकरांचं जंगल त्याला मिळालं. जुनं जंगल तोडून तिथे सूचिपर्णी झाडं लावायची, आणि तोडलेलं लाकूड पिंपं बनवणाऱ्या कंपनीला विकून खर्च भागवायचा, अशी योजना होती. आसपासच्या बड्या जमीनमालकांना दिसले ते बोडके झालेले उतार आणि धूर. ओरड झाली, १९०३ मध्ये राज्यपालांनी अनुदान रोखलं आणि महाविद्यालय बंद पडलं. फर्नो यांचं शास्त्र अभ्यासलेलं होतं, पण त्याचं फळ ऐंशी वर्षांनी दिसणार होतं, आणि शेजाऱ्यांना ना कुणी विचारलं होतं ना सांगितलं होतं.

आपल्याकडे १९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगाने सामाजिक वनीकरणावर भर दिला. झाडं बांधावर, गायरानात, पडीक जमिनीत लावायची ठरल्यावर केवळ खात्यातले अधिकारी पुरणार नव्हते. १९८५ च्या सुमारास कृषी विद्यापीठांत वनशास्त्राची पदवी सुरू झाली. दापोलीतलं वनशास्त्राचं शिक्षण त्याच सुमाराचं, हिमाचलातल्या सोलनचं फळबाग आणि वनशास्त्राचं विद्यापीठही १९८५ चंच. होहेनहाइमला वेगळे झालेले हे दोन विषय इथे पुन्हा एका आवारात आले.

एकत्र येण्याने काय साधतं, ते बांधावरच्या सागावरून कळतं. शेतकरी विचारतो, लावू का? पीक शिकलेला सांगेल की सावलीमुळे आणि मुळांच्या ओढीमुळे बांधालगतच्या ओळी दबतील. वनं शिकलेला सांगेल की ओळ उत्तर-दक्षिण ठेवा, खालच्या फांद्या छाटत राहा, रोपांत अंतर जास्त ठेवा. दोघांचंही बरोबर आहे, पण शेतकऱ्याला हवाय तो वीस-पंचवीस वर्षांचा एक हिशोब: पिकात दरसाल किती घट, शेवटी लाकडाचे किती, आणि तोडायची नि वाहतुकीची परवानगी मिळते का. २०१४ च्या राष्ट्रीय कृषी-वनीकरण धोरणाने हे परवान्यांचे नियम सोपे करण्याची गरज मान्य केली. म्हणजे पीक, झाड, बाजार आणि कायदा एकाच पदवीधराला कळायला हवेत. असा पदवीधर घडवायचा तर प्रयोगही एकाच शेतात हवा: मधे पीक, कडेला झाडं, आणि दोन्हींची नोंद एका वहीत. कृषी विभागाचं शेत आवाराच्या एका टोकाला आणि वन विभागाची रोपवाटिका दुसऱ्या टोकाला ठेवून तो घडणार नाही.

या शाखेला जाऊ पाहणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी म्हणून इमारतीपलीकडचं विचारावं. सध्या चालू असलेल्यांपैकी सगळ्यात जुना प्रयोग कोणता? त्याची नोंदवही विद्यार्थ्यांना उघडायला मिळते का? गेल्या पाच वर्षांत प्रयोगाच्या क्षेत्रातली किती जमीन बांधकामाला गेली? आणि वनशास्त्र असेल तर, नमुना क्षेत्रातली झाडं शेवटची कधी मोजली, कुणी मोजली?